न्यायासाठी प्रशिक्षण : महाविद्यालयांतील तक्रार समित्यांची जबाबदारी

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुली आज तालुक्याच्या, जिल्ह्याच्या आणि महानगरांतल्या महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांतील अनेकींच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या त्या पहिल्याच. एका वसतिगृहातून दुसऱ्या वसतिगृहात जाताना त्यांच्यासोबत आपण पुस्तके देतो, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो, जातीचा दाखला जपून ठेवायला सांगतो. परंतु तिथे कोणी त्यांचा छळ केला तर दाद कोठे मागायची आणि ती देणाऱ्याने कसे वागले पाहिजे, हे आपण क्वचितच सांगतो. या लेखाचे निमित्त तेच आहे.

काही वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थिनीचा रात्री फोन आला. "मॅडम, मी घरी आले आहे," एवढेच ती आधी म्हणाली. पुढचे हळूहळू कळले. प्रयोगशाळेतील एक कर्मचारी तिला सतत त्रास देत होता. धीर करून ती प्राचार्यांकडे गेली. प्राचार्य सज्जन गृहस्थ होते. त्यांनी त्या कर्मचाऱ्याला लगेच बोलावले, दोघांना समोरासमोर उभे केले आणि तिला विचारले, "आता सांग, काय झाले?" तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. 'गैरसमज दूर झाला, तक्रार नाही' असे लिहिलेल्या कागदावर तिची सही घेण्यात आली. मग वडिलांना फोन गेला : "मुलीला थोडे दिवस घरी घेऊन जा, वातावरण निवळू द्या." वडील वीटभट्टीवरचे कामगार. ते एका दिवसाची मजुरी बुडवून आले आणि मुलीला घेऊन गेले. प्रात्यक्षिक परीक्षा हुकली, वर्ष वाया गेले, शिष्यवृत्ती अडकली. कर्मचारी मात्र दुसऱ्या दिवशीही कामावर होता.

प्राचार्यांना आपण मुलीची अब्रू वाचवली असेच वाटत होते, हे मला नंतर त्यांच्याशी बोलताना जाणवले. त्यांच्या हेतूबद्दल मला आजही शंका नाही. पुढे संबंधित कायदा आणि नियम मी मुळातून वाचले, तेव्हा त्या अर्ध्या तासात त्यांनी टाकलेले प्रत्येक पाऊल चुकीचे होते हे ध्यानात आले. चांगला हेतू असलेला अधिकारीही प्रशिक्षणाअभावी अन्याय करू शकतो, हेच मला या लेखातून सांगायचे आहे.

कायदा येथवर कसा आला

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला या कायद्यांमागचे प्रसंग विसरता येत नाहीत. 1972 साली आपल्याच विदर्भात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप झाला. मथुरा प्रकरण म्हणून ते ओळखले जाते. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये रद्द केली. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरड केल्याचे दिसत नाही, या बाबींना त्या निकालात मोठे वजन दिले गेले. पोलीस ठाण्यात, रात्रीच्या वेळी, एक गरीब आदिवासी मुलगी कितपत प्रतिकार करू शकते, हा प्रश्न बाजूला राहिला. 1979 मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रियांची आंदोलने झाली आणि 1983 मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली.

दुसरा प्रसंग राजस्थानातील भटेरी गावचा. शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करणाऱ्या भंवरी देवी यांनी एका तान्ह्या मुलीचा बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. सप्टेंबर 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या कुंभार समाजाच्या, आरोपी गावातील वरचढ जातीचे. 1995 मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. वरच्या जातीचा पुरुष खालच्या जातीच्या स्त्रीला स्पर्श करणार नाही, असा तर्क त्या निकालात होता. अस्पृश्यतेचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना या तर्काचा खोटेपणा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. विटाळ पाण्याला होता. स्त्रीच्या देहावर हात टाकताना तो कधीच आडवा आला नाही.

या प्रकरणातून स्त्रीसंघटनांनी दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 13 ऑगस्ट 1997 रोजी विशाखा निकाल दिला. संविधानातील समता, भेदभावास मनाई आणि सन्मानाने जगण्याचा हक्क यांच्या आधारे कामाच्या ठिकाणी तक्रार समिती नेमणे बंधनकारक झाले. त्याची अंमलबजावणी होत नसल्याचे पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांनी न्यायालयाच्या निदर्शनास आणले. त्या प्रकरणात 2012 मध्ये न्यायालयाने सांगितले की, समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानला जावा. 2013 चा कायदा त्यानंतर आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांसाठी तयार केलेले 2015 चे विनियम मे 2016 मध्ये अधिसूचित झाले.

या विनियमांनुसार महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीची अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक असते. सोबत दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थेतील एक बाहेरची व्यक्ती असते. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा सत्तास्थानावरील व्यक्तींना सदस्य होता येत नाही. कारण उघड आहे : ज्याच्या हाती गुण, बढती आणि संस्थेची प्रतिष्ठा आहे, त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलणे कोणालाही कठीण जाते. माझ्या विद्यार्थिनीची तक्रार प्राचार्यांनी स्वतः निकाली काढायची नव्हती. ती समितीकडे सोपवायची होती.

दोन चौकशा, दोन परिणाम

प्रशिक्षणाचे महत्त्व दोन न्यायालयीन प्रकरणे शेजारी ठेवून पाहिली की स्पष्ट होते.

1972 साली रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयात काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरले आणि त्यांनी मुलींशी अश्लाघ्य वर्तन केले. प्राचार्यांनी तीन अध्यापकांची समिती नेमली. समितीने मुलींचे जबाब त्या मुलांच्या अनुपस्थितीत नोंदवले आणि ओळख पटवण्यासाठी इतर अनेक छायाचित्रांत मिसळून त्यांची छायाचित्रे दाखवली. नंतर मुलांना बोलावून आरोप समजावून सांगितले व त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. मुलांना महाविद्यालयातून काढण्यात आले. 'आमच्यासमोर जबाब झाले नाहीत' अशी त्यांची तक्रार होती. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. नैसर्गिक न्याय हा सर्वत्र एकाच मापाचा नसतो. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना त्या मुलांसमोर उभे करणे म्हणजे त्यांना पुढच्या छळाच्या तोंडी देणे, हे न्यायालयाने मान्य केले. विशाखा निकालाच्या 24 वर्षे आधी, कोणताही विशेष कायदा नसताना, तीन अध्यापकांनी केलेली ही चौकशी टिकली, कारण त्यांनी मुलींना जपले आणि मुलांनाही बाजू मांडू दिली.

दुसरे प्रकरण गोवा विद्यापीठातील. 2009 मध्ये विद्यार्थिनींनी एका प्राध्यापकाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने सुरुवातीला पुरेसा वेळ दिला, परंतु पुढे सुनावण्या लागोपाठच्या तारखांना घेतल्या. प्राध्यापकाने प्रकृतीच्या कारणास्तव मागितलेली मुदत नाकारून एकतर्फी चौकशी पूर्ण केली. त्याला सेवेतून काढण्यात आले. 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने कारवाई कायम ठेवली. पण 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून, जिथून घाई सुरू झाली त्या टप्प्यापासून चौकशी पुन्हा करण्याचा आदेश दिला. तक्रारी खोट्या आहेत असे न्यायालयाने म्हटले नाही. प्रक्रिया चुकली, एवढेच म्हटले.

या प्रकरणात नुकसान कोणाचे झाले, याचा विचार करावा. चौदा वर्षांनंतर त्या विद्यार्थिनी आयुष्यात कोठल्या कोठे पोहोचल्या असतील. त्यांनी पुन्हा तीच कहाणी सांगायची होती. प्राध्यापक दोषी असो वा निर्दोष, त्यालाही चौदा वर्षे निवाडा मिळाला नव्हता. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने त्याच निकालात देशभरातील समित्यांची पडताळणी करण्याचे आणि समिती सदस्यांसाठी नियमित प्रशिक्षण घेण्याचे निर्देश दिले. 2013 च्या कायद्याच्या कलम 19 मध्ये ते कर्तव्य आधीपासून होतेच.

प्राध्यापकांनाच प्रशिक्षण लागते असेही नाही. 2020 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना तक्रारदार स्त्रीकडून राखी बांधून घेण्याची अट घातली होती. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली आणि न्यायाधीशांच्या लिंगभाव संवेदनशीलतेच्या प्रशिक्षणाची गरज सांगितली. जिथे न्यायाधीशाला शिकावे लागते, तिथे प्राचार्याने, गृहपालाने किंवा आपल्यासारख्या शिक्षकाने शिकण्यात कमीपणा मानू नये.

प्रशिक्षणात काय शिकवले पाहिजे

पहिला धडा ऐकण्याचा. मुलगी पहिल्यांदा ज्याच्याकडे येते तो बहुधा समितीचा सदस्य नसतो. ती गृहपालाकडे, ग्रंथपालाकडे किंवा आवडत्या शिक्षिकेकडे जाते. तिला एकांत, पाणी आणि वेळ द्यावा. 'तू तिथे गेलीसच का', 'इतके दिवस गप्प का राहिलीस' हे प्रश्न विचारू नयेत. भीतीमुळे माणूस कधी थिजतो, कधी तारखा विसरतो, कधी घटना मागेपुढे सांगतो. ते खोटेपणाचे लक्षण नव्हे. लेखी तक्रार करणे तिला जमत नसेल तर ती लिहिण्यास मदत करणे हे समितीचे कायदेशीर कर्तव्य आहे. घटनेपासून, आणि घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत तक्रार करायची असते. योग्य कारण असल्यास ही मुदत आणखी तीन महिने वाढवता येते.

दुसरा धडा आपल्या अधिकाराची सीमा ओळखण्याचा. समिती ही शिस्तभंगाची चौकशी करते. तिला फौजदारी न्यायालयाची जागा घेता येत नाही. बलात्कारासारखा गुन्हा असेल तर पोलिसांकडे जाण्याचा मुलीचा हक्क तिला स्पष्ट सांगावा आणि ती जाऊ इच्छित असेल तर सोबत द्यावी. कोणत्याही सरकारी वा खासगी रुग्णालयाने तिच्यावर तातडीने विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. मुलीचे वय 18 पेक्षा कमी असेल, म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थिनींच्या बाबतीत, पर्यायच उरत नाही. बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी 2012 च्या कायद्यानुसार, म्हणजे पोक्सोनुसार, माहिती मिळताच पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. 'संस्थेचे नाव खराब होईल' ही सबब तिथे चालत नाही. आपल्या निवासी शाळेलाही हा नियम तंतोतंत लागू आहे.

तिसरा धडा चौकशीच्या कामकाजाचा. तक्रारीची प्रत सात दिवसांत दुसऱ्या पक्षाला द्यायची. त्याने दहा दिवसांत उत्तर, कागदपत्रे आणि साक्षीदारांची यादी द्यायची. 90 दिवसांत चौकशी आणि त्यानंतर दहा दिवसांत अहवाल. अहवालाची प्रत दोन्ही पक्षांना मिळते आणि शिफारशींवर 30 दिवसांत कारवाई अपेक्षित असते. हे वेळापत्रक विलंब टाळण्यासाठी आहे; गोव्याच्या प्रकरणाने दाखवले की घाईही तितकीच घातक ठरते. प्रत्येक बैठकीचे टिपण, प्रत्येक मुदतवाढीचे कारण आणि प्रत्येक नकाराचे कारण लिहून ठेवले पाहिजे. दोघांना समोरासमोर न आणता, लेखी प्रश्नांद्वारे समितीच्या मध्यस्थीने एकमेकांच्या म्हणण्याची तपासणी करता येते. या चौकशीत फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. समोर आलेल्या गोष्टींवरून काय घडले असण्याची शक्यता अधिक आहे, हे पाहायचे असते. अनेक समित्यांना एवढेच ठाऊक नसल्यामुळे 'साक्षीदार नाही' या एका वाक्यावर प्रकरणे बंद होतात.

चौथा धडा अंतरिम दिलाशाचा. चौकशी चालू असताना मुलीला घरी पाठवणे हा उपाय नव्हे. तिने मागितल्यास तिला रजा देता येते, तिची किंवा दुसऱ्या पक्षाची बदली वेगळ्या विभागात करता येते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिच्या परीक्षा व मूल्यमापनापासून दूर ठेवता येते, तिच्यापासून अंतर राखण्याची ताकीद देता येते. माझ्या विद्यार्थिनीचे वर्ष एवढ्या एका आदेशाने वाचले असते. समेटाचा मार्गही फक्त तक्रारदाराने मागितला तरच खुला होतो आणि त्यात पैशांची तडजोड करता येत नाही. प्राचार्यांनी पुढे केलेला तो कागद समेट नव्हता.

पाचवा धडा निवाडा करताना जीभ आवरण्याचा. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही. जाणूनबुजून खोटे बोलल्याचे स्वतंत्रपणे सिद्ध झाल्याशिवाय तक्रारदारावर कारवाई करता येत नाही. मुलीचे कपडे, मैत्री, फोनवरचे बोलणे यांवर शेरे मारण्याचा समितीला अधिकार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2020 मध्ये अशाच एका समितीचे नैतिकतेविषयीचे शेरे रद्द केले. आणि चौकशीतील नावे, जबाब, अहवाल यांची वाच्यता स्टाफरूममध्येही होता कामा नये.

जातीचे भान

आयोगाच्या विनियमांत एक महत्त्वाची गोष्ट नमूद आहे : प्रदेश, वर्ग, जात, अल्पसंख्याक ओळख, लैंगिकता आणि अपंगत्व यांमुळे काही व्यक्ती अधिक असुरक्षित असतात. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही पीडित असू शकतात, हेही त्यांत मान्य केले आहे. प्रशिक्षणात हा भाग बहुधा दोन मिनिटांत उरकला जातो. वास्तविक आपल्या मुलींच्या दृष्टीने तो कळीचा आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही करणारा कारकून, प्रकल्पाचे गुण देणारा मार्गदर्शक आणि 'तुमच्या लोकांत हे चालतेच' असे हसत म्हणणारा वर्गमित्र, या तिघांच्या हातात वेगवेगळी सत्ता असते. समितीने विचारले पाहिजे की ही मुलगी नकार देऊन काय गमावणार होती. ते कळले की तिच्या गप्प राहण्याचा अर्थ कळतो. पीडित मुलगी अनुसूचित जातीची वा जमातीची असेल आणि आरोपी त्या समाजाबाहेरचा असेल, तर संमतीशिवाय केलेला लैंगिक स्वरूपाचा स्पर्श, शब्द वा हावभाव अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीनुसार स्वतंत्र गुन्हा ठरतो. ही माहिती तिला देण्याचे धाडस समितीने दाखवले पाहिजे.

घरातील हिंसा आणि महाविद्यालय

शिकता शिकता लग्न झालेल्या मुली आपल्याकडे कमी नाहीत. त्यांपैकी एखादी वारंवार गैरहजर राहते, हातावर वळ घेऊन येते, तिचा फोन नवऱ्याच्या ताब्यात असतो. शिस्तपालन समिती तिला हजेरी कमी असल्याची नोटीस देते आणि विषय संपतो. नवऱ्यावर महाविद्यालयाचा अधिकार चालत नाही, हे खरे. तरी हात बांधलेले नाहीत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात मारहाणीसोबत शाब्दिक, मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही येतो. शिक्षिकेलाही संरक्षण अधिकाऱ्याकडे माहिती देता येते, आणि सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. मात्र मुलीला विचारल्याशिवाय घरी फोन करू नये. त्यामुळे त्याच रात्री तिला मार बसू शकतो. हजेरीत सवलत, वसतिगृहात जागा, परीक्षेची दुसरी संधी, 181 हा महिला मदत क्रमांक आणि जिल्ह्यातील सखी केंद्राचा पत्ता, एवढे तरी प्रत्येक महाविद्यालय देऊ शकते. मारहाण करणारा जोडीदार त्याच महाविद्यालयात शिकत वा नोकरी करत असेल, तर महाविद्यालयाच्या आवारातील त्याचे वर्तन शिस्तभंगाच्या कक्षेत येते, हेही अधिकाऱ्यांना शिकवायला हवे.

पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी काय करावे

मुलीचा प्रवेश घेताना आपण फी, खानावळ आणि एस.टी.ची सोय विचारतो. त्याच वेळी आणखी तीन प्रश्न विचारावेत. अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावे कोठे लावली आहेत? समितीतील बाहेरची सदस्य कोण आहे? सदस्यांचे शेवटचे प्रशिक्षण कधी झाले? हे प्रश्न वर्षानुवर्षे अनेक पालकांनी विचारले तर फलक आपोआप लागतील आणि कपाटातली समिती कागदावरून उठून कामाला लागेल. समिती नेमलीच नसेल तर 2013 च्या कायद्यात पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रार खुद्द संस्थाचालकाविरुद्ध असेल तर जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे दाद मागता येते.

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज वकील, प्राध्यापक, समाजकार्यकर्ते आणि पोलीस अधिकारी आहेत. प्रत्येक समितीला बाहेरची एक जाणकार व्यक्ती लागते आणि ती शोधताना महाविद्यालये बहुधा ओळखीच्या माणसाचे नाव टाकून मोकळी होतात. त्या जागेसाठी आपल्यापैकी जाणत्यांनी स्वतःहून पुढे यावे, कायदा नीट शिकून यावे आणि आरोपीचे म्हणणेही तितक्याच शांतपणे ऐकण्याची तयारी ठेवून यावे.

ती विद्यार्थिनी पुढच्या वर्षी दुसऱ्या महाविद्यालयात गेली आणि पदवीधर झाली. आज ती नोकरी करते. तिने मागे एकदा मला विचारले, "मॅडम, त्या दिवशी त्यांनी मला एकटीला बसवून विचारले असते, तर मी सगळे सांगितले असते." समिती सदस्यांच्या कोणत्याही प्रशिक्षणाची सुरुवात याच वाक्याने व्हावी, असे मला वाटते.